पहिला नमस्कार कुणी करायचा?

डहाणूच्या पारनाक्यावरून समुद्र डाव्या हाताला ठेवत नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीकडे जाणारा रस्ता तसा लहानसा आहे. पण एवढ्याशा पट्ट्यात माणूस माणसाला किती तऱ्हांनी सामोरा जातो! चिकूच्या वाडीत पारशी म्हातारा भेटला तर 'साहेबजी' म्हणायचे आणि त्याचे उत्तरही 'साहेबजी'च येते. गुजराती दुकानदार 'जय श्रीकृष्ण' करतो, बौद्ध वस्तीत 'जय भीम' असतो, मुसलमान वस्तीत 'सलाम'. रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेला वळले, गंजाडच्या किंवा तलासरीच्या वाटेला लागले, की वारली पाड्यांवर 'रामराम' ऐकू येतो आणि अलीकडे त्याहून ठामपणे 'जोहार'. तलासरीत लाल बावट्याच्या कार्यकर्त्यांचा 'लाल सलाम' आहे, शाळेतल्या पोरांचे एका सुरातले 'नमस्ते' आहे, कचेरीतला खाली मान घालून केलेला 'नमस्कार साहेब' आहे. याच मुलखाची फ्रेंच भाषेशीही गाठ पडलेली आहे. तलासरीतल्या धामणगावात जन्मलेले आणि गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात राहिलेले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे काम 1989 साली पॅरिसमध्ये 'मॅजिसियाँ द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात लागले आणि वारली चित्रांचा फ्रान्सशी संबंध पक्का झाला. शिवाय अकरावी-बारावीला गुण चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेणारी मुले महाराष्ट्रात आता कुठेही भेटतात. त्यांच्या पहिल्या धड्यात अभिवादनांची यादी असते: बोंझूर, बोंस्वार, साल्यू, सा व्हा, ऑ रव्हार. समोर अर्थ लिहिलेले असतात आणि मुले ते दोन दिवसांत पाठ करतात. माझे म्हणणे असे, की या यादीने फ्रेंच अभिवादनातले जे खरे शिकण्यासारखे आहे तेच निसटते. शब्द कोणता हा प्रश्न दुय्यम आहे. आधी कुणी बोलायचे, कुणाला बोलायचे आणि उत्तर देणे कुणावर बंधनकारक आहे, हे प्रश्न मुख्य आहेत. आणि ते समजून घ्यायला डहाणू-तलासरीइतकी चांगली जागा दुसरी मिळणार नाही.

फ्रान्समधल्या एखाद्या पावाच्या दुकानातला व्यवहार जवळून पाहा. गिऱ्हाईक दार ढकलून आत येते आणि आधी 'बोंझूर मादाम' म्हणते. दुकानात रांग असेल तरी आत येणारा सगळ्यांना मिळून एक 'बोंझूर' घालतो. विक्रेती 'बोंझूर मोस्यू' म्हणून उत्तर देते, त्यानंतरच पावाचे नाव निघते. पाव हातात पडला की 'मेर्सी', मग 'बोन झुर्ने' म्हणजे दिवस चांगला जावो, मग 'ऑ रव्हार'. दोन मिनिटांच्या कामात पाच-सहा वेळा देवाणघेवाण होते आणि त्यातले एकही पाऊल गाळता येत नाही. 'बोंझूर' न म्हणता थेट 'एक पाव द्या' म्हटले, तर पुढे कितीही गोड बोलले तरी ते भरून निघत नाही. विक्रेती थंडपणे 'बोंझूर' असे स्वतःच म्हणते आणि थांबते, म्हणजे चुकलेले पाऊल आधी टाका. नीस शहरातल्या 'ला पतित सिरा' या कॅफेने 2013 साली बाहेर दरफलक लावला होता: नुसते 'एक कॉफी' म्हटले तर 7 युरो, 'कृपा करून एक कॉफी' म्हटले तर 4.25 युरो, आणि 'बोंझूर, कृपा करून एक कॉफी' म्हटले तर 1.40 युरो. हे दर कुणाकडून खरोखर वसूल करायचे नव्हते, पण फलक जगभर गाजला, कारण तिथला अलिखित कायदा त्याने आकड्यांत मांडला होता.

या कायद्याची कलमे बारीक आहेत. एकाच माणसाला एका दिवसात दोनदा 'बोंझूर' म्हणणे म्हणजे पहिली भेट विसरल्याची कबुली. म्हणून दुसऱ्या वेळी 'रबोंझूर' म्हणतात. संध्याकाळ झाली की 'बोंस्वार', पण 'बोन न्वी' फक्त झोपायला जाताना. 'साल्यू' हा बरोबरीच्यांचा शब्द आहे, येतानाही तोच आणि जातानाही तोच. 'कूकू' घरातल्या माणसांत आणि जिवलगांत चालतो. 'आलो' फक्त फोनवर. पहिल्यांदा ओळख झाली की 'आंशांते', म्हणजे भेटून आनंद झाला. त्याखाली आणखी एक निवड सतत चालू असते, एकेरी 'त्यू' की आदरार्थी 'व्हू'. ही मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही, आपण जन्मापासून तेच करत असतो. गालाला गाल लावून करायची 'बीझ' किती वेळा करायची हे प्रांतागणिक बदलते, पॅरिसमध्ये दोन तर दक्षिणेत कुठे कुठे तीन. ती सगळ्यांना आवडते असेही नाही. 2018 च्या सुमारास मोरेत या लहान गावाच्या महिला महापौरांनी सहकाऱ्यांना कळवले, की यापुढे मी बीझ करणार नाही, पुरुषांसारखे हस्तांदोलन करीन. आणि 2020 मध्ये करोनाच्या साथीत सरकारनेच बीझ टाळायला सांगितले. हस्तांदोलनही थांबले, बीझही थांबली, पण 'बोंझूर' थांबले नाही. अभिवादनाचा गाभा कोणता आणि वरचा साज कोणता, हे त्या एका वर्षात स्पष्ट झाले.

आता या सगळ्या शब्दांत काय नाही ते पाहू. 'बोंझूर' म्हणणाऱ्याचा देव कोणता, जात कोणती, पक्ष कोणता, हे त्या शब्दावरून कळत नाही. फ्रेंच अभिवादन दोनच गोष्टी सांगते: वेळ कोणती आणि आपल्यातले अंतर किती. आपली अभिवादने बहुतेक वेळा तिसरीच गोष्ट सांगतात: मी कुणाचा. नरपडच्या रस्त्यावर ऐकू येणारा प्रत्येक शब्द बोलणाऱ्याचा गोतावळा आधी सांगतो आणि मग समोरच्याची विचारपूस करतो. महाराष्ट्रात अभिवादनावरून भांडणे झाली ती याच कारणाने. 9 ऑगस्ट 1779 रोजी मुंबईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने सोनार जातीच्या प्रमुखाला हुकूम पाठवला, की तुमच्या जातीच्या लोकांनी 'नमस्कार' हा शब्द वापरू नये. मागणी पेशव्यांच्या बाजूची होती. सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले होते, ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसू लागले होते आणि एकमेकांना 'नमस्कार' करू लागले होते; यातून ब्राह्मणांच्या हक्काला बाधा येते अशी तक्रार होती. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात हा हुकूम दाखला म्हणून दिला आहे. आज वर्तमानपत्रांतून, सभांतून, निवेदकांच्या तोंडून जो शब्द सर्वांचा म्हणून सहज वापरला जातो, त्यावर अडीचशे वर्षांपूर्वी सरकारी बंदी घालावी लागली होती, कारण तो उच्चारणे म्हणजे दर्जा मागणे होते.

पत्रातला मायना हा याच व्यवस्थेचा लेखी भाग. तीर्थरूपांना शिरसाष्टांग नमस्कार, चिरंजीवांना अनेक आशीर्वाद, बरोबरीच्याला 'सा. न. वि. वि.': पहिली ओळ वाचताच कोण वर आणि कोण खाली हे कळावे अशी ती योजना होती. हेमाडपंतांच्या नावावर सांगितला जाणारा 'मेस्तक' कुणाला कसे लिहावे हेच शिकवतो. गावगाड्यात महाराने 'जोहार' घालायचा, तोही अंतर राखून. वरच्याने त्याला त्याच शब्दाने उत्तर द्यायचे नाही. चोखोबांच्या नावावरचे जोहाराचे अभंग त्या प्रथेची साक्ष आहेत. अशा ठिकाणी 'नमस्कार' मागून घेणे हा एक मार्ग झाला, सोनारांनी तो धरला. दुसरा मार्ग कामठीचे दलित कार्यकर्ते बाबू हरदास यांनी दाखवला: वरच्यांचा शब्द मागायचाच नाही, स्वतःचा घडवायचा. 'जय भीम' प्रचारात आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यात घालणारा आणि घेणारा असा भेद नाही, दोघेही तोच शब्द म्हणतात. पारशांच्या 'साहेबजी'तही तीच परतफेड आहे. आणि जो 'जोहार' देशावर खालच्या मानेने घालायचा होता, तो झारखंडपासून पालघरपर्यंत आदिवासींनी ताठ मानेने धरला आहे.

डहाणू-तलासरीत हा प्रश्न शब्दांपुरता नव्हता. 1945 च्या आधीचा वारली जमीनदाराच्या अंगणात कसा उभा राहत असे, त्याला कशी हाक मारली जाई, हे वारल्यांच्या लढ्यात उतरलेल्या गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सविस्तर आले आहे. वेठबिगार होती, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यानपिढ्या राबणारे लग्नगडी होते. 23 मे 1945 रोजी तलासरीतल्या झरीला वारल्यांची परिषद भरली आणि वेठ न करण्याचा निर्णय झाला. मग गवतकापणीचा संप आला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी घेऊन. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. अडीच रुपये हा मजुरीचा हिशोब होता, पण त्यामागे आणखी एक हिशोब होता: आम्हाला माणूस म्हणून हाक मारा. मजुरीचा दर आणि हाक मारायची रीत एकाच वेळी बदलायला निघतात, हा योगायोग नव्हे. फ्रान्समध्येही तेच घडले होते. 1793 साली क्रांतिकारकांनी 'मोस्यू' आणि 'व्हू' दोन्ही सरंजामी ठरवून टाकले, सर्वांना 'सितोयाँ' म्हणजे नागरिक म्हणायचे आणि सर्वांशी एकेरी 'त्यू'त बोलायचे ठरवले. पत्राच्या शेवटी 'साल्यू ए फ्रातेर्निते', सलाम आणि बंधुभाव, असे लिहू लागले. तो प्रयोग टिकला नाही. 'व्हू' परत आला, 'मोस्यू' परत आला. पण तो पूर्वीसारखा परतला नाही, आणि मला यातच फ्रेंच अभिवादनाचे खरे मोल दिसते: उमरावाला 'त्यू'पर्यंत खाली ओढण्याऐवजी पाववाल्याला, बसचालकाला, झाडूवाल्याला 'मोस्यू'पर्यंत वर आणले गेले. समता एकेरीने साधली नाही, ती आदरार्थी बहुवचन सर्वांना वाटून दिल्याने थोडीफार साधली.

यावर पहिला आक्षेप असा, की आपल्याकडे हे सगळे नात्याच्या हाकेने होते. डहाणूच्या बाजारात मासळीच्या पाटीसमोर उभे राहून कुणी 'नमस्कार' म्हणत नाही. 'काय मावशी, बोंबील कसे दिले?' म्हणतो, आणि ती मावशीही 'ये रे भाऊ' म्हणते. वाण्याला काका, रिक्षावाल्याला दादा, भाजीवालीला ताई किंवा आजी. अनोळखी माणसाला क्षणात नात्यात ओढून घेण्याची ही रीत फ्रेंच 'मोस्यू'पेक्षा उबदार आहे, हे मी मान्य करतो. उत्तर कोकणातल्या आगरी-कोळी बोलींत तर मोठ्या माणसालाही प्रेमाने एकेरीच बोलतात. शहरातून आलेल्या अधिकाऱ्याला ते उद्धट वाटते, तो त्याचा कान. पण नात्याच्या हाकेला एक मर्यादा आहे. ती देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. ज्या गाडीवानाला सकाळी 'दादा' म्हटले, तोच भाड्यावरून वाद झाला की 'ए' होतो. कचेरीत, दवाखान्यात, बँकेच्या खिडकीपाशी ही हाक एका बाजूने चालते: आदिवासी म्हातारी खिडकीतल्या पोराला 'साहेब' म्हणते आणि तो पोरगा तिला 'ए आजी, आधार आणला का?' विचारतो. 'आजी' आहे, पण पुढे 'ए' आहे. 'बोंझूर मादाम'मध्ये ही चोरवाट नाही, कारण ते शब्द प्रेमाचे नाहीतच. प्रेम वाटो न वाटो, म्हणावेच लागतात.

दुसरा आक्षेप नेमका इथूनच निघतो: मनात नसलेले शब्द तोंडाने म्हणणे हा पोकळ उपचार आहे, त्यापेक्षा मनापासूनची विचारपूस बरी. मला हे पटत नाही. मनापासूनची विचारपूस आपण आपल्या माणसांची करतोच. प्रश्न जे आपले नाहीत त्यांचा असतो. ज्याच्याविषयी आपल्याला काहीच वाटत नाही, त्याच्याशी माणसासारखे वागायला लावणारी गोष्ट मनाबाहेरच असावी लागते. डहाणू लोकलच्या दाराशी उभ्या असलेल्या गर्दीला एकमेकांविषयी प्रेम वाटावे ही अपेक्षा वेडेपणाची आहे. पण तिकीट खिडकीपलीकडच्या माणसाला आधी अभिवादन करून मग तिकीट मागावे, ही अपेक्षा वेडेपणाची नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फ्रान्सने तरी ही समता कुठे पाळली? आफ्रिकेतल्या वसाहतींत फ्रेंच माणूस स्थानिकांशी सर्रास 'त्यू'त बोलत असे. वसाहतवादाचा कृष्णवर्णीय टीकाकार फ्रान्त्स फानोंने 1952 च्या आपल्या पुस्तकात गोरा डॉक्टर काळ्या रोग्याशी कसा मोडक्या, लहान मुलाशी बोलावे तशा फ्रेंचमध्ये बोलतो आणि त्यात अपमान कसा दडलेला असतो, हे उलगडून दाखवले. हे सारे खरे आहे. पण त्यामुळे माझा मुद्दा कमकुवत होत नाही. 'व्हू'ची किंमत किती, हे ज्यांना तो नाकारला गेला त्यांनीच जगाला सांगितले. आणि नाकारण्याची सवय मोडण्यासाठी तिथे नियम करावा लागला: 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या पोलीस आचारसंहितेत लोकांशी 'व्हू'नेच बोलावे असे लिहिले आहे. 2012 साली सरकारी अर्जांवरून 'मादमोआझेल' काढून टाकले, म्हणजे बाई विवाहित की अविवाहित हे तिला हाक मारताना ठरवायचे कारण उरले नाही. आपल्या लग्नपत्रिकेवरच्या 'चि. सौ. कां.'शी याची तुलना करावी.

मग आपणही एकच शब्द ठरवून टाकावा का? महाराष्ट्र शासनाने 2022 मध्ये फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावे असा निर्णय काढला, तेव्हा लगेच दुसऱ्यांनी आपापले शब्द पुढे केले. काँग्रेसच्या तेव्हाच्या प्रदेशाध्यक्षांनी 'जय बळीराजा' सुचवला. आपल्याकडे शब्द ठरवायला गेले की गोत ठरते, आणि गोत ठरले की दुसरे गोत उठते. तलासरीत डाव्यांचे, संघपरिवाराचे आणि ख्रिस्ती मिशनचे शैक्षणिक काम वर्षानुवर्षे शेजारी शेजारी चालत आले आहे. तिथे वरून एक शब्द लादणे म्हणजे नवे भांडण लावणे. शिवाय या पट्ट्यातल्या लोकांनी यावर फार पूर्वीच उत्तर शोधून ठेवले आहे. पारशी वाडीमालकाला वारली मजूर 'साहेबजी' म्हणतो, गुजराती व्यापाऱ्याला कोळीण गुजरातीत विचारते, 'जोहार' आला की 'जोहार'ने परत करायचा. ज्याला भेटतो त्याचा शब्द आपण उचलायचा, ही डहाणूची रीत आहे आणि ती 'बोंझूर'पेक्षा श्रीमंत आहे. उणीव एवढीच, की हा शब्द उचलण्याचे काम आजवर बहुतेक वेळा खालच्याने केले आहे. मजुराला मालकाचा शब्द येतो. मालकाला मजुराचा येतोच असे नाही.

फ्रेंचांकडून घ्यायची गोष्ट इथे बसते. दुसऱ्याच्या जागेत जो शिरतो त्याने आधी बोलायचे, आणि ज्याला बोलले त्याने उत्तर देईपर्यंत कामाला हात घालायचा नाही. तहसील कचेरीत येणारा आदिवासी पहिला भाग आजही पाळतो. तिथे दुसऱ्या भागाची, उत्तराची, उणीव आहे. पाड्यावर मात्र पारडे उलटे होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडला काम नेले, तेव्हा शाळेत न येणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी शाळाच अंगणात आणि गुरे चरायच्या कुरणात नेली. तिथे शिक्षिका ही आलेली पाहुणी होती आणि मूल यजमान, म्हणून पहिला शब्द तिचा. आज या पाड्यांवर आणखी पुष्कळ माणसे येतात. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग डहाणू आणि तलासरीतून जातो. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. हा सगळा पाचव्या अनुसूचीतला मुलूख आहे, आणि 1996 चा पेसा कायदा सांगतो की जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य त्या पातळीवरच्या पंचायतीशी विचारविनिमय झाला पाहिजे. मोजणीला येणारा सरकारी कर्मचारी, कंपनीचा अभियंता, त्यांच्याबरोबरचा पोलीस, हे तिघेही दुसऱ्याच्या दारात शिरलेले असतात. तेव्हा नकाशा उलगडण्याआधी 'जोहार' त्यांनी घालायचा, 'तुम्ही' म्हणून बोलायचे, आणि साखळी टाकायची ती दारातल्या माणसाने उत्तर दिल्यावर. ते उत्तर 'नाही' असले, तर नकाशा गुंडाळून ग्रामसभेच्या तारखेला परत यायचे.